टपावरची मेथी

ब्याऐंशीच्या मे महिन्यात आमच्या ह्यांनी जुन्या मॅटाडोरमध्ये पलंग आणि स्टोव्ह बसवला आणि आम्ही नाशिकहून फिरायला निघालो. आत नुसती भट्टी. पिंपळगावला बियाण्याच्या दुकानातून ह्यांनी रिकामी गोणपाटं आणून टपावर बांधली.

"मालन, तासातासाला पाणी मारत जा. गार राहील."

सहा दिवस मी बादली घेऊन अर्ध्या शिडीवर चढत होते, वर न बघताच पाणी भिरकावत होते आणि ह्यांचा उद्धार करत होते. गाडी मात्र खरंच गार पडली.

त्र्यंबकला एका बाईने जुडीचा भाव विचारला. वर पाहिलं, तर टपभर बोटभर मेथी. गोणपाटात बी उरलं होतं. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

"माझी शेती," हे सगळ्यांना सांगत सुटले.

मी मेथी खुडली, लसणावर परतली. हे ताटावर बसायला आले, तशी हातात बादली दिली.

"शेतकरी, आधी पाणी मारून या."