आभारापुरता माईक

"कुणाला खरं वाटायचं न्हाय," म्हणत धोंडीराम शेजाऱ्यांना सांगू लागला.

सोलापूरच्या कॉलेजात भाषणस्वातंत्र्यावर चर्चा होती. तिथंच शिकवणाऱ्या त्याच्या लेकीची, दिपालीची, त्याच विषयात पीएच.डी.; पण बोलले सगळे सर, अन् मॅडमना नेहमीसारखं आभारापुरतं ठेवलं. आभार मानता मानताच तिनं विचारलं, "आम्ही कधी बोलायचं?" लगेच प्राचार्यांनी माईक बंद करवला. तशी तिनं मेंढरं हाकायचा आवाज काढला. मागं बसलेल्या धोंडीरामनं तो लगेच ओळखला; रानात त्यानंच तिला शिकवलेला.

"आरं, पंखं जागच्या जागी थांबलं! आपली हितली मंगळवेढ्याची मेंढरं पार सोलापुरात धावत हॉलात शिरली! अन् प्राचार्य तिचं समदं भाषण मुकाट ऐकत बसलं!"

शेजारी थक्क झाले. नुकतीच घरी आलेली दिपाली दारातूनच म्हणाली, "आण्णा, मेंढरं आली म्हणा हवं तर. पण प्राचार्य मधे न बोलता ऐकत बसले? ही मात्र थाप हाय!"