चार सेकंदांची गिऱ्हाइकं

गिऱ्हाईक ओळखण्यात सदाशिवरावांचा हात धरणारा माणूस अख्ख्या देवळी गावात नव्हता. दुकानात शिरणारा चपला काढतो की घालूनच आत येतो, एवढ्यावरून ते सांगायचे की हा नंदी घेणार की नुसता हात फिरवून जाणार. चाळीस वर्षं ते तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं साजरा करतात त्या सणाचे, लाकडी नंदी घडवत होते. पोरांनी दोरीने ओढायचे, चाकांवरचे, वीतभर उंचीपासून थेट कमरेएवढे. पण यंदा त्यांच्या दुकानात अशी गिऱ्हाइकं येऊ लागली, की ज्यांना ना चपला होत्या ना तोंड. ती म्हणे मोबाइलमधून येत होती, आणि सदाशिवरावांची मती गुंग झाली होती.

याला कारण प्रफुल. त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला कंपनीत होता. दोन महिन्यांची बिनपगारी रजा टाकून तो आला आणि आल्या दिवशीच म्हणाला, दुकानाची वेबसाइट काढतो. पोळ्यापर्यंत बाहेरगावच्या पन्नास ऑर्डरी आल्या तर इथेच राहीन, नाही तर तान्हा पोळा झाला की परत. सदाशिवराव नुसतं "बरं" म्हणाले आणि पुन्हा रंधा मारू लागले. पोराने राहावं असं त्यांना किती वाटत होतं, हे त्यांनी अनुसयाबाईंना, म्हणजे स्वतःच्या बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. बापाने असलं बोलायचं नसतं, हे त्यांच्या बापाने एक शब्द न बोलता त्यांना शिकवून ठेवलं होतं.

वेबसाइट झाली. नागपूरची वल्लरी नावाची मुलगी फोनवरून त्या वेबसाइटचं सगळं पाहायची. महिनाभरात ऑर्डरी आल्या दोन. प्रफुलने कारण समजावलं. कोणी गूगलवर 'लाकडी नंदी' लिहिलं की आपलं दुकान चौथ्या पानावर दिसतं आणि चौथ्या पानापर्यंत कोणी कुत्रंही जात नाही. ही पानं लावतो कोण, असं सदाशिवरावांनी विचारलं. कोणी लावत नाही, प्रफुल म्हणाला, आपोआप लागतात; लोक ज्याला जास्त विचारतात तो वर जातो. आपोआप लागतात हे सदाशिवरावांना मुळीच पटलं नाही. जास्त विचारतात तो वर, हे मात्र लगेच पटलं. बाजाराची रीत तीच आहे. ज्या हॉटेलापुढे गर्दी, तिथेच आणखी चार जण थांबतात.

आणि गर्दी तर त्यांच्याकडे तयार होती. रोज संध्याकाळी देवळापाशी सामुदायिक प्रार्थनेला चाळीसेक माणसं जमायची. प्रार्थना संपली की सदाशिवरावांनी सगळ्यांना फोन बाहेर काढायला लावले. लाकडी नंदी लिहा, चौथ्या पानावर जा, आपल्या दुकानाचं नाव दिसलं की दाबा आणि लगेच बाहेर निघा, उगाच कोणाचा नेटपॅक संपायला नको. शिवाय प्रफुलच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. मंडळींनी हे काम जपासारखं अंगावर घेतलं. तानबाजी, त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, दोनदा चुकून भलत्याच दुकानातली पितळी गाय दाबून बसले, पण तेही शिकले.

तिसऱ्या दिवशी प्रफुल जेवताना हसला. एका दिवसात चाळीस लोक येऊन गेले म्हणाला आणि एक पोळी जास्त खाल्ली. अनुसयाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने वरणाकडे. दुसऱ्या दिवसापासून सदाशिवरावांनी मंडळींना दोन-दोनदा दाबायला सांगितलं.

पण आठवडा गेला, दुसरा गेला, तरी ऑर्डर एक नाही. उलट दुकान चौथ्या पानावरून सातव्या पानावर गेलं. सदाशिवराव चक्रावले. इकडे ऐंशी वेळा दाबणं चाललं आहे आणि तिकडे दुकान खाली घसरतं आहे, हा कुठला हिशेब? कोणाला विचारावं तर विचारायचीही सोय नाही. त्यांना वाटलं, मंडळी कमी पडताहेत. मग त्यांनी बसस्टँडवरच्या पानठेलेवाल्यालाही कामाला लावलं.

वल्लरीने फोनवर जे सांगितलं ते तर त्याहून अवघड होतं. लोक येतात, पण चार सेकंदांत परत फिरतात. त्यावरून गूगल ताडतं की या दुकानात काही दम नाही. फोटो बदलून पाहा, म्हणाली. प्रफुलने तीन वेळा फोटो बदलले. नंदी गवतावर ठेवला, मग झेंडूच्या फुलांत ठेवला, मग शेजारच्या पोरीच्या हातात दिला. काही उपयोग झाला नाही. एका दुपारी तो बापाच्या शेजारी येऊन बसला.

"बाबा, राग नका मानू. लोकायले आपला नंदी आवडून नाई राह्यला."

सदाशिवरावांना राग आलाच नाही, कारण तो कोणावर काढावा हेच त्यांना समजेना. ते नंदी समोर ठेवून चारी बाजूंनी पाहत राहिले. वशिंड जरा जास्तच झालं का? शिंगं जुन्या वळणाची वाटतात का? चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपल्या हाताची शंका आली, आणि ते फार लागलं. त्यांनी वशिंड कमी करून एक नवा नंदी केला. तो घोड्यासारखा दिसू लागला. संध्याकाळी मंडळी मात्र नेहमीप्रमाणे दाबत होती.

पोळ्याला चार दिवस उरले. प्रफुलने पुण्याचं तिकीट काढलं आणि बॅग खाटेवर आणून ठेवली. तेवढ्यात वल्लरीचा फोन आला. तिने म्हणे आकडे नीट उकलून पाहिले होते. परतणारी ही सगळी माणसं देवळीचीच होती आणि रोज संध्याकाळी सव्वासातलाच येत होती. प्रफुल फोन धरून तसाच उभा राहिला. देवळीचा माणूस दुकानात यायचं सोडून मोबाइलमध्ये कशाला पाहील, असं तो स्वतःशीच पुटपुटला. अनुसयाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडे सरळ पाहिलं. सव्वासातला प्रार्थना सुटते हे त्यांना ठाऊक होतं.

सदाशिवरावांचे कान तापले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, एवढं आता त्यांना समजलं.

"ते लोक माह्ये हायेत," ते म्हणाले. "प्रार्थनेचे. मीच सांगतलं, दाबा अन् लवकर निघा म्हणून. नेटपॅक जाते ना त्यायचा."

प्रफुलने फोन बंद केला. आधी त्याला हसू फुटलं, चांगलं पोट धरून हसला. मग हसू थांबलं.

"पण काऊन, बाबा?"

सदाशिवराव हातातलं नंदीचं चाक फिरवत राहिले. "पन्नास झाले असते तं तू गेला नसता."

"अख्ख्या गावाले सांगतलं तुमी," प्रफुल म्हणाला. "मले एक डाव नाई सांगतलं, का राह्य म्हणून. मी पन्नासचं कायले काढलं होतं? म्हटलं, आतातरी बाबा काईतरी बोलतीन. तुमी बरं म्हणून रंधा मारत बसले."

सदाशिवरावांचा आणखीच गोंधळ उडाला. एवढासा शब्द. चाळीस फोनांनी जे झालं नाही ते याने होईल, यावर त्यांचा विश्वास बसेना. शिवाय तो उच्चारायचा कसा, हेही कोणी शिकवलेलं नव्हतं.

"मंग राह्य," ते म्हणाले. आवाज गिऱ्हाइकावर खेकसल्यासारखा निघाला. ते त्यांनाच आवडलं नाही, म्हणून पुन्हा बोलले. "तू राहावं असं मले लय वाटते. पयल्या दिवसापासून वाटते."

प्रफुलने कोपऱ्यातला तो नवा नंदी उचलला आणि उलटासुलटा करून पाहिला.

"हे कोणतं जनावर हाये?"

"तुह्या गूगलसाठी केलता."

त्याने तो जळणाच्या ढिगाकडे सारला. मग आईला म्हणाला, बॅग माळ्यावर टाक. अनुसयाबाईंनी ती तेव्हाच उचलली, चहा निवतोय याचंही भान त्यांना राहिलं नाही.

त्या संध्याकाळी प्रार्थना संपली तशी मंडळींनी सवयीने फोन काढले. सदाशिवरावांनी हात वर केला आणि आजपासून कोणी दाबायचं नाही, असं सांगितलं. तानबाजींनी चष्मा कपाळावर घेतला.

"पयला नंबर आला का?"

"नाई. सातव्या पानावर हाये."

"मंग बंद काऊन?"

"काम झालं."

तानबाजींनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा मित्राकडे. त्यांना काही उमगलं नाही. खरं तर सदाशिवरावांनाही सगळं उमगलं होतं असं नाही. पण समजावत बसायला आज त्यांना वेळ नव्हता. घरी प्रफुल एकटाच नंदींना रंग देत बसला होता, आणि त्यांचे डोळे रेखायचं काम अजून त्याला जमत नव्हतं.