काएटानच्या देवदूताचा पंख

काएटानने आपली शवपेटी फार पूर्वीच स्वतःच्या हातांनी करून ठेवली होती. लिंडनच्या लाकडाची, कडेने द्राक्षवेल कोरलेली. आता तो गेला होता, पेटी कारखान्यात उभी होती, आणि तिच्यात त्याला ठेवायची बंदी होती.

बंदी सांगायला आला तो त्याचाच पोरगा, इग्नात्स. व्हिएन्नाच्या दफन कचेरीत कारकून.

"आई, नियम सगळ्यांना एकच. प्रेत उघडं करून पिशवीत शिवायचं, सार्वजनिक पेटीतून न्यायचं. खड्ड्यावर खिट्टी ओढली की पेटीचा तळ उघडतो, प्रेत खाली जातं, पेटी पुढच्याच्या कामी येते. वरून चुना. लाकूड वाचतं, रोगराई टळते. बुद्धीला पटतं की नाही?"

"तुझ्या बादशहाची बुद्धी एवढी उतू चालली असेल, तर आधी स्वतः शिरून बघ म्हणावं त्या पिशवीत!" अपोलोनिया कडाडली.

तिच्या तोंडाला गल्लीतला पाववालाही वचकून असे. पण सकाळपासून दारोदार विनवूनही ते तोंड कुठेच चाललं नव्हतं. पाद्रीबाबा तर आपल्या बुटांकडेच बघत राहिले. शेवटी तिने पोराचा हात धरला.

"एवढा एकच माणूस, इग्नात्स. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना, आई."

बादशहाच्या याच बुद्धीने मागे जोगिणींचा मठ बंद केला होता. नुसती प्रार्थना करणाऱ्या बायकांचा देशाला उपयोग काय, म्हणून. तिथल्या वेदीवरचे, काएटानने लाकडात कोरलेले देवदूत सरपणाच्या भावाने गेले. त्यातला एक त्याने स्वतःच विकत घेऊन घरी आणला. गुबऱ्या गालांचा, तान्ह्या इग्नात्सच्या चेहऱ्याचा. त्यानंतर त्याने छिन्नीला हात लावला नाही.

"पिशवी तरी मला शिवू दे," ती म्हणाली.

भांडण मिटलं, म्हणून इग्नात्सला हायसं वाटलं. ती काय शिवतेय ते बघायला तो थांबला नाही. तिने देवदूत नवऱ्याच्या उघड्या छातीवर ठेवला, त्याचे गार हात त्याभोवती गुंडाळले आणि दोरा ओढला. उघडा जाईल मेला, पण एकटा जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या दफनभूमीत वेंत्सेलने, तिथल्या खणकऱ्याने, खिट्टी ओढली. तळ उघडला. प्रेत कमरेपर्यंत घसरलं आणि अडकलं. पाय खड्ड्यावर लोंबत राहिले.

वेंत्सेलने पेटी हलवली. "काय रे बाबा, जायचं नाही वाटतं तुला?" मग खाली वाकून बघितलं. "साहेब, कापड फाटलंय. आत लाकूड आहे! पिशवी उसवावी लागेल."

"हात तर लावून बघ, मुडद्या—" अपोलोनियाचा आवाज मध्येच फुटला.

इग्नात्स गुडघ्यावर बसला. फाटक्या कापडातून त्याने हात आत घातला. बोटांना गाल लागला, नाक लागलं, हनुवटीची खळी लागली. बोटं तिथेच थांबली. त्याने आईकडे बघितलं.

"राहू दे रे," ती म्हणाली. "पोरा, तुझ्या पाया पडते."

आईच्या तोंडून त्याने हे कधी ऐकलं नव्हतं. त्याने पेटीच्या तळाच्या फटीत अडकलेला देवदूताचा पंख दोन्ही हातांनी धरला आणि मोडला. कडकन आवाज झाला. बाप खाली गेला.

"चुना टाक."

"पण साहेब, पिशवी तपासायची—"

"चुना टाक म्हणतो ना!"

पांढरी धूळ वर आली. ती खाली बसली. मग अपोलोनियाने हात पुढे केला.

"दे तो इकडे."

इग्नात्सने पंख कोटाआड छातीशी धरला.

"लाकूडच ना ते? मग दे की मेल्या!"

त्याने मान हलवली. ती त्याचा कोट ओढत राहिली, बोटं उलगडायला बघत राहिली, पण त्याने मूठ सोडली नाही. वेंत्सेलने तेवढ्यात पेटीचा तळ पुन्हा लावून घेतला. फाटकापाशी दुसरी गाडी येऊन थांबली होती.