मधल्या थांब्यावरचा थर्मास

मित्रांनो, माळ्यावर पत्र्याच्या डब्यांमागे जो आडवा पडलाय ना, तो थर्मास म्हणजे मी. माझा पट्टा तुटलाय, पोटाला पोचा आलाय आणि कुणी हलवलं तर आत खुळखुळ वाजतं. ती माझी फुटलेली काच. आता माझ्यात कुणी काही भरत नाही. पण एके काळी मी विमानातून परदेशी जाऊन आलोय, तेही एकदा नाही, चांगला पाच-सहा वेळा. शेजारच्या डब्यांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. तुम्ही तरी ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. काचेचे दोन फुगे एकात एक बसवले आणि मधली सगळी हवा काढून घेतली. ऊब टिकते ती त्या रिकाम्या जागेमुळे. तपासणीच्या टेबलावर एक बाई होत्या. त्यांनी मला कानाशी धरून नखानं टिचकी मारली आणि म्हणाल्या, "हा टिकेल." आयुष्यातलं पहिलं कौतुक, म्हणून लक्षात राहिलं.

मला विकत घेतलं बसच्या डेपोतल्या एका कारकुनानं. कुठली बस किती वाजता सुटेल, कुठे कुणाला दुसरी बस मिळेल, हे ठरवायचं त्यांचं काम. सगळे त्यांना 'वेळापत्रकवाले' म्हणत. त्यांच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. माझ्यातला चहा अर्धा डेपो प्यायचा आणि वर म्हणायचा, "साहेब, आज साखर कमी आहे."

डेपोत रोज कुणी ना कुणी हरवायचं. कुणाचा नवरा, कुणाचं पोर. वेळापत्रकवाले सगळ्यांना एकच सांगत, "आहात तिथेच थांबा. दोघंही शोधायला निघालात तर दोघंही हरवाल." शाळा सुटल्यावर त्यांची लहान लेक डेपोत येऊन बसायची. तिलाही त्यांनी हेच पढवलं होतं. गर्दीत हात सुटला की ती पोर खांबासारखी उभी राहायची. रडायचीसुद्धा नाही. मग बाबा येऊन न्यायचे आणि म्हणायचे, "शहाणी माझी."

ती शहाणी मोठी झाली, नर्स झाली आणि लांबच्या देशातल्या इस्पितळात नोकरीला गेली. तिथेच तिचं लग्न झालं. इकडे आई-बाबांनी दोनदा व्हिसा मागितला, दोनदा नाकारला गेला. तिला सुट्टी मिळायची ती औषधापुरती. इतकं लांब येऊन परत जाण्यातच ती सुट्टी संपली असती.

वेळापत्रकवाले तेव्हा निवृत्त झाले होते. एका संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. एक वजन मी होतो.

"अगं, ती तिकडून निघेल, आपण इकडून. मध्ये कुठेतरी भेटायचं."

"कुठे, ढगात?" त्यांची बायको म्हणाली.

"मधल्या एका शहरात. तिथे विमान बदलणाऱ्यांना दिवसभर शहरात जायला पासपोर्टवर फुकट शिक्का मारून देतात. मी चौकशी केलीय."

मित्रांनो, विमानाच्या तिकिटांचं गणित उफराटं असतं. त्या मधल्या शहरापर्यंतचं तिकीट महाग, पण त्याच्या पुढच्या एका लहानशा गावाचं, वाटेत दिवसभर ताटकळत ठेवणारं, स्वस्त. लोक अशा तिकिटाला नाक मुरडतात. वेळापत्रकवाल्यांना मात्र ते ताटकळणंच हवं होतं. पुढच्या गावाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. तिथे एक रात्र काढायची आणि परतायचं.

"म्हणजे जायचं एका गावाला आणि उतरायचं दुसऱ्याच," बायको म्हणाली. "आमच्या लग्नाची वरातसुद्धा यांनी अशीच फिरवून आणली होती."

पण ठरल्याप्रमाणे सगळं जुळलं. विमानतळावर तपासणीच्या दारात मला रिकामं करावं लागे, म्हणून दोघं नवरा-बायको तिथेच उभ्या उभ्या उरलेला चहा संपवत. आत गेल्यावर गरम पाण्याचा नळ शोधायचा आणि चहाच्या पुड्या टाकून मला पुन्हा भरायचं. मधल्या शहराच्या विमानतळावर एक भलंमोठं गोल घड्याळ होतं. त्याच्याखाली लेक उभी असायची, खांबासारखी. मग तिघं शहरात जाणाऱ्या साध्या बसमध्ये बसत. बेकरीतून पाव घ्यायचा, नदीकाठच्या बागेत एक बाक धरायचा आणि मला मध्ये ठेवून बोलत बसायचं. प्रेक्षणीय म्हणून जे काही होतं ते त्यांनी कधी बघितलं नाही. दुपार कलली की वेळापत्रकवाले उठत.

"अहो, अजून ढीगभर वेळ आहे," बायको म्हणायची. "देश बघायला आलो की विमानतळाची राखण करायला?"

"बाबा बदलायचे नाहीत, आई. चल," लेक हसत म्हणायची.

पुढे लेकीला दिवस गेले आणि भेटी थांबल्या. मुलगी झाली. तिचे फोटो यायचे, वेळापत्रकवाले ते डोळ्यांजवळ नेऊन बघायचे. फार जवळ नेऊन. एका सकाळी ते मला घेऊन एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. मी मांडीवर होतो, म्हणून मला कळलं. डॉक्टर सावकाश म्हणाले, "हे थांबवणं आता माझ्या हातात नाही. जे डोळे भरून बघायचं असेल, ते लवकर बघून घ्या."

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "चष्म्याचा नंबर वाढलाय." आणि नकाशा पसरला.

या वेळी बेत साधाच होता. तेच शहर, तेच घड्याळ. लेकीनं मात्र दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढलं, कारण त्या विमानात तान्ह्या मुलासाठी पाळणा मिळत होता. वेळापत्रकवाल्यांनी वेळा जुळवून बघितल्या. जुळत होत्या. फोनवर म्हणाले, "नेहमीसारखं घड्याळाखाली. जो आधी पोचेल त्यानं जागा सोडायची नाही."

त्यांना ठाऊक नव्हतं की मधल्या काळात त्या विमानतळाची दुसरी इमारत उभी राहिली होती. लेकीचं विमान तिथे उतरलं. आणि त्या इमारतीतही तसंच गोल घड्याळ टांगलेलं होतं.

आम्ही जुन्याच इमारतीत घड्याळाखालच्या बाकावर बसलो. बायकोनं विणलेलं टोपडं पिशवीतून दोनदा काढलं, दोनदा ठेवलं. लोंढे आले, गेले. चहा निवायला लागला, तशी ती उठली आणि चौकशीच्या खिडकीवर जाऊन आली. "त्या मुलीला माझं कळेना, मला तिचं कळेना. विमान उतरलंय एवढं बोटानं दाखवलं तिनं."

"उतरलंय ना? मग येतील. लहान मूल आहे बरोबर."

"अहो, फोन?"

"परदेशात आपला चालत नाही. तुला माहीत आहे."

आणखी बराच वेळ गेला. बायको म्हणाली, "मी जरा तिकडच्या टोकापर्यंत बघून येते. तुम्ही बसा इथे."

"नको. तू तिकडे जाशील, ती इकडे येईल, मग तुला शोधायला ती जाईल. इतकी वर्षं हेच बघितलंय मी."

"डेपो नाहीये हा."

"माणसं तीच असतात."

ती बसली. मित्रांनो, मला पाय असते तर मी उठलो असतो. पण मी बाकावर होतो आणि माझ्यातला चहा अजून कोमट होता. इतका वेळ मी तो कुणासाठी धरून ठेवला होता?

पुढच्या विमानाची हाक आली. वेळापत्रकवाले उठले आणि मला हातात घेऊन चालायला लागले. समोर एकच पायरी होती, पिवळ्या पट्टीची. ती त्यांना दिसली नाही. ते पडले. त्यांना खरचटलं फक्त, पण मी फरशीवर आपटलो आणि माझ्या आत काहीतरी संपलं. बायकोनं त्यांना उठवलं, पायरीकडे बघितलं, मग त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं.

"एवढी मोठी पट्टी आहे," ती हळूच म्हणाली.

"नंबर वाढलाय म्हटलं ना."

"किती वाढलाय?"

ते वाकून मला फरशीवर चाचपत राहिले. तिनं त्यांचा दंड धरला, तो पुढे कायमचा.

मग त्या पुढच्या गावाला जावंच लागलं, जिथे त्यांचं कुणी नव्हतं. लॉजच्या मालकानं फोनला आपलं इंटरनेट जोडून दिलं, तेव्हा लेकीचा निरोप आला. बायकोनं वाचून दाखवला. "बाबा, तुम्ही कुठे होतात? मी परतीच्या विमानापर्यंत घड्याळाखालीच उभी होते. एकदा वाटलं, दुसऱ्या इमारतीत जाऊन बघावं. बाहेरून बस जात होती. पण तुम्ही म्हणाला होतात जागा सोडू नको, म्हणून नाही गेले."

वेळापत्रकवाले पलंगाच्या कडेवर बसून होते. ते म्हणाले, "शहाणी माझी." आणि तोंड भिंतीकडे केलं. बायकोनं रागानं काही बोलायला हवं होतं. ती नुसती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. खिडकीतून अनोळखी गाव दिसत होतं. ते बघायला दोघांपैकी कुणी उठलं नाही.

त्यानंतर प्रवास झाला नाही. लेकीला लांब सुट्टी मिळून ती घरी आली, तोवर नात चालायला लागली होती आणि आजोबांना उजेड-अंधार एवढंच कळत होतं. त्यांनी नातीच्या चेहऱ्यावरून सावकाश हात फिरवला. कपाळ, नाक, हनुवटी.

"कुणावर गेलीय गं?"

"तुमच्यावर," बायको म्हणाली. "तोच हट्टीपणा."

ते हसले. लेक उठून स्वयंपाकघरात गेली.

आता नात तिकडे शाळेत जाते. सुट्टीच्या दिवशी फोनच्या पडद्यावर येते. इथे माळ्यावर मला सगळं ऐकू येतं. आजी बघते आणि आजोबांना सांगते. आज दोन वेण्या घातल्यात. आज गुडघा फुटलाय. परवा ती म्हणाली, "अहो, पुढचे दोन दात पडलेत तिचे." वेळापत्रकवाल्यांनी पडद्याकडे हात नेला. मग विचारलं, "कसे होते गं ते?"

मित्रांनो, मला जपलं नाही म्हणून मी कुणावर रुसलेलो नाही. काचेची वस्तू आज ना उद्या फुटायचीच. तुमच्याकडे माझं मागणं एवढंच आहे. कुणाची वाट बघत असाल आणि ते माणूस येत नसेल, तर एकदा उठा. बस पकडा, पलीकडच्या इमारतीत जाऊन बघा. चुकामूक झाली तर होऊ दे.