भंडाऱ्यातली पांढरी कपची

त्या रविवारी बंगळुरूत, बनशंकरीच्या आमच्या गल्लीत इतकी कुत्री जमली, की सगळ्या मांजरांनी यशवंतपूर स्टेशनातून मिळेल ती गाडी पकडली. कुत्री रांगेत, मालक हात जोडून आणि ओट्यावर सुधींद्रस्वामी. कालपरवापर्यंत हा औषधांच्या दुकानात काउंटरला उभा असायचा. आता म्हणे खंडोबा अंगात येत होता.

"देवाच्या कुत्र्याला सुई? सुरी?" स्वामी घुमत म्हणायचा. "हा भंडारा रागीमुद्द्यातून, नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यातून, चारा. गाठ वितळेल."

आणि वितळली की. शेजारच्या पद्मावतीअक्कांच्या कुत्र्याच्या, भुंग्याच्या, मागच्या पायावर लिंबाएवढी गाठ होती, ती सुपारीएवढी झाली. आमची घराणी खंडोबाची. कुत्रं म्हणजे देवाच्या सोबतचं. त्याला सुरी लावायला अक्का आधीच घाबरत होत्या. त्यात स्वामी त्यांचा सख्खा भाचा, त्यांनीच लहानाचा मोठा केलेला.

मग भुंग्याला तहान लागली. बंगळुरूत पाणीटंचाई कशाने होते ते मला तेव्हा कळलं. बादल्या रिकाम्या, घरभर मूत. आणि गाठ परतली, लिंबाहून मोठी. अक्कांनी त्याला जनावरांच्या डॉक्टर विद्याश्रींकडे नेलं. रिक्षात भुंग्याला धरायला मी.

"औषध काय चालू आहे, अक्का?"

"औषध नाही हो. नुसता देवाचा भंडारा."

डॉक्टरांनी पुडी कागदावर पसरली. हळदीत एक पांढरी कपची होती, नीट न कुटलेली. तिच्यावर गोळी मोडायची अर्धी रेघ. तिचा कोपरा प्रयोगशाळेत पाठवला, तर ते स्टिरॉइड निघालं. बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासल्या, तो कॅन्सर निघाला.

"स्टिरॉइडने अशी गाठ थोडे दिवस आक्रसते आणि तहान वाढते," डॉक्टर म्हणाल्या. "आजार आत तसाच राहतो. आधी आणला असता तर गाठ भोवतालच्या मांसासकट काढता आली असती. आता पाय काढावा लागेल."

अक्का तडक ओट्यावर गेल्या. रांग होतीच.

"आत्या, गाठ लहान झाली होती की नाही?" सुधींद्रने विचारलं.

"झाली होती. म्हणून तर तुझ्या हातून खाऊ दिलं त्याला. तो तुझ्यावर कधी भुंकलाही नाही रे." मग त्यांनी ती कपची तळहातावर घेऊन रांगेतल्या एकेकाला दाखवली.

स्वामीने मुक्काम देवनहळ्ळीला हलवला. भुंग्या तीन पायांवर पळतो. सुधींद्रची जुनी चप्पल सापडली, तर अजून शेपूट हलवतो. अक्का ती काढून घेतात.

मांजरांची गोष्ट थाप आहे, हसून सोडून द्या. पण कुत्र्याच्या अंगावर हाताला गाठ लागली, तर आधी डॉक्टरांकडे जा, सुईने तपासून घ्या. देव रागावलाच, तर त्याला माझं नाव सांगा.