ऐंशी टक्के

"काका, कुठंवर आलात?"

सुपरवायझरचा हा तिसरा फोन. काकांनी गाडीच्या चार्जरच्या पडद्याकडे पाहिलं. ब्याण्णव टक्के. मघाशी एक्क्याण्णव होते, त्यालाही चार-पाच मिनिटं होऊन गेली.

"निघालोच," ते म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

पिकअपच्या हौद्यात इस्पितळाच्या धुतलेल्या चादरींचे गठ्ठे होते. दुसऱ्या फेरीचा माल, दोनच्या आत पोचायला हवा. शंभर टक्के होऊन काका पोचले तेव्हा अडीच वाजत आले होते. फाटकावरच सिस्टरची बोलणी खाल्ली, गठ्ठे उतरवले आणि खालमानेनं परतले.

लाँड्रीत सुपरवायझर वाटच बघत होता. "तीस वर्षं डिझेलवर पाच मिनिटं चुकला नाहीत तुम्ही. या बॅटरीच्या गाडीनं पार रया घालवली तुमची. उद्या उशीर झाला तर सोमवारपासून गाडी दुसऱ्याकडे. तुम्ही इथं घड्या घाला."

संध्याकाळी घरी लेक तान्हीला पाजत होती. काका दाराकडे तोंड करून बसले.

"गाडी काढून घेतायत माझी."

"का हो बाबा?"

"चार्जिंगपायी. आधी घटाघटा पिते बया. वीसवरून ऐंशीला चाळीस मिनिटांत. मग काय अंगात येतं कोण जाणे! पुढच्या वीसला आणखी पाऊण तास. मशीनच भंगार आहे."

लेक हसायला लागली. "तुमची नात काय वेगळं करते? पहिल्या दहा मिनिटांत पोट भरतं हिचं. मग नुसती चोखत पडते लाडात. मीही आधी तास-तास बसायचे, उपाशी राहील म्हणून. शेवटी नर्स म्हणाली, अगं, तिचं कधीच झालंय, तुझंच होत नाहीये!"

लेकीनं तान्हीला खांद्यावर घेतलं.

"दुसऱ्या फेरीला लागतं किती?"

"निम्मंही नाही."

"मग ऐंशीला काढा की वायर."

"तुला काय जातंय बोलायला!" काका उसळले. मग आवाज खाली आला. "तू व्हायच्या दिवशी टाकी कोरडी पडली होती. भर बाजारात. भाजीवाल्याची हातगाडी घेतली, तिच्यावर तुझ्या आईला निजवून ढकलत नेलं. एवढा ड्रायव्हर मी, आणि... त्यानंतर टाकी भरल्याशिवाय निघालो नाही कधी."

हा किस्सा आई घरात हसत हसत सांगायची. बाबांच्या तोंडून लेक तो पहिल्यांदाच ऐकत होती, आणि त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"पण पोचलात ना वेळेवर?" ती हळूच म्हणाली. "ही काय मी, बसलेय की तुमच्यासमोर."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर ऐंशीचा आकडा आला. काका उठले. वायरीला हात घातला, काढला, पुन्हा घातला. एक्क्याऐंशी झाले. "चल ग बाई, झालंय तुझं," असं पुटपुटत त्यांनी वायर उपसली.

रस्ताभर त्यांचा एक डोळा आकड्यावर होता. चौऱ्याहत्तर. सहासष्ट. एका सिग्नलला तर उगाच पंखा बंद केला. शर्ट पाठीला चिकटला. फाटकाशी पोचले तेव्हा पावणेदोन वाजायचे होते आणि बॅटरीत अजून अठ्ठावन्न टक्के शिल्लक होते.

"अहो, आज इतक्या लवकर?" सिस्टर चकित झाल्या. "माझी माणसं जेवायला गेलीत."

"मग मीच आणतो वर."

इतक्या वर्षांत काका फाटकाच्या आत कधी गेले नव्हते. गठ्ठा खांद्यावर घेऊन दोन जिने चढले. वॉर्डात खिडकीपाशी एक म्हातारी बाई उघड्या गादीशेजारी खुर्चीत बसली होती, अंग चोरून, कुणाच्या तरी दारात थांबल्यासारखी. सिस्टरनी चादर झटकली. काकांनी न सांगता पलीकडची दोन टोकं धरली.

बाईंना आडवं केलं. त्यांनी तळहात चादरीवरून सावकाश फिरवला.

"ऊब आहे अजून," त्या म्हणाल्या.

"आत्ताच इस्त्री होऊन आलीय," काका म्हणाले, आणि पायाकडची चादर गादीखाली नीट खोचू लागले.