हिरव्या पुड्याची मुदत

ताइचुंगच्या चहा-तपासणी प्रयोगशाळेत ज्यान साहेब स्वतः यंत्रावर बसले, की फान यी-च्युनच्या कपाळाला आठी पडे. ती एकोणीस वर्षं नमुने तपासत होती. साहेबांकडे परदेशी पदवी होती आणि ती चौकटीत घालून दारासमोरच टांगलेली होती.

यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचा हिरवा पुडा. तो मुदतीतला असला की यंत्र रुसत नाही, असा इथल्या सगळ्यांचाच भाव, यी-च्युनचाही. साहेब तर दर सोमवारी पुड्याची मुदत बघत. यंत्राचा वजनाचा काटा जुळवायला मात्र त्यांना पाच आठवडे सवड झाली नव्हती. देवाला रोज ताजा हार, आणि गाभारा झाडायचं नाव नाही, अशातली ती भक्ती.

"या ताई, बघा. शाळांना जाणारा चहा. एकदम स्वच्छ! सही करा, दुपारी गाडी भरायचीय."

पडद्यावर सरळ रेघ होती. चहात द्रव्यं शेकडो, प्रत्येकाच्या कणाचं वजन वेगळं. यंत्र त्या सगळ्यांचा गलका टिपतं. भजनाच्या गजरातून एकच टाळ वेगळा ऐकावा, तसं त्या गलक्यातून कीटकनाशकाचं तेवढं वजन निवडायचं, की त्याची रेघ उमटते. विष असलं तर रेघेवर शेंडा चढतो. साहेबांनी वजन घातलं होतं २९६.११५ आणि दोन्ही बाजूंना सूट ठेवली होती केसाएवढी.

"इतकी कमी सूट?"

"याला अचूकता म्हणतात, ताई. तुमच्या काळी नव्हती."

"बरं. आता तो दुसरा नमुना पडद्यावर उघडा. सकाळी मीच मुद्दाम विष घालून ठेवलेला."

साहेबांनी उघडला. तेच वजन, तीच सूट. सरळ रेघ.

"हाही स्वच्छ," साहेब सवयीनं बोलून गेले.

"म्हणजे मी काय गुलाबपाणी घातलं?"

साहेबांचे कान लाल झाले. "हात चुकला असेल तुमचा."

"एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, आणि नेमका आज?" तिनं सूट दसपट केली. दोन्ही रेघांवर शेंडे ताठ उभे राहिले, २९६.१२४ वर. काटा केव्हाच सरकला होता. विष शेजारी बसलं होतं आणि साहेब रिकाम्या पाटावर त्याला शोधत होते.

"सूट वाढवली की केरही आत येतो, ताई."

"येतो ना. म्हणून आधी काटा जुळवायचा असतो, साहेब. उठा."

तिनं तासभर खपून काटा जुळवला, नमुने पुन्हा चालवले आणि साहेबांचीच केसाएवढी सूट ठेवली. शाळांच्या चहात शेंडा उभाच होता, परवानगीच्या तिप्पट उंच. तिनं कागद ओढला, 'नापास' लिहिलं, सही केली आणि गाडी थांबवायला फोन उचलला.

साहेब टाचा उंचावून यंत्रावरचा पुडा काढत होते. उलटून, चष्मा वर सरकवून त्यांनी तळाचे आकडे वाचले.

"तरीच," ते म्हणाले. "परवाच संपलीय."